अर्ज माझा, ईमेल त्यांचा

ऑगस्ट २०२४ मधली दुपार होती. एजंटच्या ऑफिसमधल्या मुलीनं मला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. कॅनडाच्या इमिग्रेशन विभागाचं पत्र, कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरून मोबाइलनं टिपलेलं, आणि तेही वरचं अर्धंच पान. माझं नाव, अर्ज क्रमांक आणि स्टडी परमिट, म्हणजे तिथे शिकायची परवानगी, नामंजूर झाल्याचं एक वाक्य. खाली तिचा मेसेज: ‘टेन्शन घेऊ नको, कॉमन आहे. सर परत फाइल लावतायत.’

त्या पानाच्या खालच्या अर्ध्या भागात काय लिहिलं होतं, ते मला अडीच महिन्यांनी कळलं.

हे लिहायला मला बराच काळ लागला. घरात अजून हा विषय निघाला की आई उठून आत जाते. पण परवा ओळखीतला एक मुलगा सांगत होता की त्याचा व्हिसाचा अर्ज ‘ऑफिसवाले बघतात’, त्याला स्वतःला लॉगिन माहीत नाही. मला झोप लागली नाही. म्हणून सगळं सांगते, आकड्यांसकट.

आधी हे स्पष्ट करते की माझा प्रवेश खरा होता. मास्टर्ससाठी मी एका सरकारी विद्यापीठात स्वतः अर्ज केला होता, एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचा आहे ते सांगणारं निवेदन, स्वतः लिहिली होती, ऑफर लेटर माझ्याच ईमेलवर आलं होतं. २०२३ साली बनावट ऑफर लेटरवर कॅनडात गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांचं प्रकरण गाजलं होतं, ते मला ठाऊक होतं. त्यातले कित्येक जण तिथे शिकून, नोकरीला लागून, कायम वास्तव्याचा अर्ज करायला गेले तेव्हा त्यांना समजलं की मुळातलं पत्रच खोटं होतं. त्या जूनमध्ये तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री शॉन फ्रेझर यांनी टास्क फोर्स नेमला. पुढे १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक ऑफर लेटर थेट त्या संस्थेकडून पडताळून घ्यायला सुरुवात झाली. हे सगळं मी वाचलं होतं. माझं पत्र खरं आहे, म्हणजे आपल्याला भीती नाही, असं मी धरून चालले. फसवणूक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर फक्त ऑफर लेटर यायचं.

मग एजंट कशाला केला? व्हिसाच्या फॉर्मची धास्ती. एक चूक झाली तर वर्ष वाया जाईल, असं जो तो सांगत होता. एका सीनियरनं त्याच्या माहितीतलं ऑफिस सुचवलं. भिंतभर पासपोर्ट हातात धरलेल्या मुलामुलींचे फोटो. सर मृदू बोलणारे. पहिल्या भेटीत त्यांनी बाबांच्या ब्लडप्रेशरची चौकशी केली आणि म्हणाले, “काका, मुलगी आता आमची जबाबदारी.” बाबांना हे वाक्य फार भावलं. घरी येताना त्यांनी ते दोनदा म्हणून दाखवलं.

पहिल्याच दिवशी सरांनी माझ्या नावाचा नवा ईमेल काढला. माझं नाव, जन्मसाल आणि मध्ये एक टिंब. “इमिग्रेशनचे मेल स्पॅममध्ये जातात, विद्यार्थी बघत नाहीत, डेडलाइन हुकते. आमच्याकडे एक मुलगी फक्त तेच बघते,” असं कारण दिलं. मला ते पटलं. पासवर्ड मागावा हे सुचलंसुद्धा नाही. सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे. पैसे गेले ते नंतर. माझा अर्ज माझ्या हातून गेला तो त्या दिवशी, त्या पाच मिनिटांत.

पुढे पैसे घ्यायची एकेक कारणं निघत गेली. स्टडी परमिटची सरकारी फी तेव्हा १५० कॅनेडियन डॉलर होती आणि बायोमेट्रिक्सची, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटोची, ८५. दोन्ही मिळून २३५. आमच्याकडून ‘एम्बसी फी’ म्हणून याच्या जवळपास तिप्पट घेतले. नंतर ‘पाल’चे वेगळे. पाल म्हणजे तिथल्या प्रांताचं ॲटेस्टेशन लेटर, एक प्रकारचा दाखला. २२ जानेवारी २०२४ पासून ते अर्जासोबत लावणं सुरू झालं होतं आणि सगळीकडे त्याचीच चर्चा होती, त्यामुळे आम्ही न बोलता दिले. पण त्या वर्षी मास्टर्स आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना त्यातून सूट होती. मला पाल लागणारच नव्हतं. हे कॅनडा सरकारच्या वेबसाइटवर उघड लिहिलेलं होतं आणि मी ते पान तेव्हा उघडलं नाही, कारण ‘सर बघतायत’.

खरा घाव जीआयसीचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कॅनडात राहण्याखाण्याइतके पैसे तुमच्याकडे आहेत हे दाखवावं लागतं. एकट्या विद्यार्थ्यासाठी ही रक्कम आधी १०,००० डॉलर होती, १ जानेवारी २०२४ पासून ती २०,६३५ झाली होती. ट्यूशन फी आणि प्रवासखर्च त्याव्यतिरिक्त. ही रक्कम दाखवायचा एक रस्ता म्हणजे जीआयसी, गॅरंटीड इन्व्हेस्टमेंट सर्टिफिकेट. विद्यार्थी स्वतःच्या नावानं कॅनडातल्या बँकेत ऑनलाइन खातं उघडतो, पैसे थेट त्या बँकेला पाठवतो, बँक सर्टिफिकेट देते, ते अर्जाला जोडायचं. तिकडे पोचल्यावर काही रक्कम लगेच मिळते, उरलेली हप्त्याहप्त्यानं. व्हिसा नाकारला गेला तर पैसे परत. या साखळीत एजंटच्या खात्याला कुठेही जागा नाही.

सर म्हणाले, “आम्ही वीस-पंचवीस मुलांचे एकदम भरतो. रेट चांगला मिळतो, सर्टिफिकेट तीन दिवसांत.” बाबांनी दोन एफडी मोडल्या, उरलेले मामाकडून घेतले, आणि २०,६३५ डॉलरला पडतील तेवढे पैसे दोन वेळा करून ऑफिसच्या खात्यात टाकले. पावती मिळाली. तिच्यावर ‘सर्व्हिस चार्जेस’ एवढंच लिहिलं होतं. आईनं विचारलं होतं की यावर जीआयसी का लिहिलं नाही. “काकू, टॅक्सचं असतं,” असं उत्तर आलं. आईनं मान डोलावली, पण ती पावती तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या कप्प्यात ठेवली. आज आमच्याकडे जो काही पुरावा आहे, तो तेवढाच आहे.

सर्टिफिकेट तिसऱ्या दिवशी आलं, पीडीएफ. वर बँकेचा लोगो, खाली सही, माझं नाव, रक्कम. नंतर मी ते मोठं करून पाहिलं तेव्हा माझं नाव आणि रक्कम एका फॉन्टमध्ये होती, बाकी मजकूर दुसऱ्या. लोगोच्या कडा धूसर होत्या, पत्ता मात्र लख्ख. पण मे महिन्यात कोण बघतं? त्या वेळी मला एवढंच जाणवायला हवं होतं की बँकेत माझ्या नावाचं खातं उघडलं गेलं आणि बँकेनं मला एकही मेल पाठवला नाही, ओळखपत्र मागितलं नाही, लॉगिन दिलं नाही.

जूनमध्ये बायोमेट्रिक्स दिले. जुलैभर मी ट्रॉली बॅगांचे भाव बघत बसले. मग तो अर्धा फोटो.

सरांनी पुन्हा फाइल लावायची नवी फी सांगितली. जीआयसीचं विचारलं तर “तोच पुढे वापरू, आता काढला तर नवा करावा लागेल.” बाबा भरायला तयारही झाले होते. थांबवलं ते माझ्या एका मैत्रिणीनं. ती तिकडेच शिकते. ती म्हणाली, पूर्ण पत्र माग. मी मागितलं. आज, उद्या, सर बाहेर आहेत, सिस्टम बंद आहे. तीन आठवडे असेच गेले. तेव्हा ती म्हणाली, आपण नोट्स मागवू. अधिकारी निर्णय घेताना फाइलवर ज्या नोंदी करतात त्या माहितीच्या अधिकाराखाली मिळतात. मी तिला संमतीचा फॉर्म सही करून पाठवला, तिनं ५ डॉलर भरून अर्ज केला. ऑक्टोबरच्या शेवटी उत्तर आलं.

तिनं मला व्हिडिओ कॉलवर ते वाचून दाखवलं. जुलैमध्ये अधिकाऱ्यानं जीआयसी बँकेकडे पडताळायला दिलं होतं. बँकेनं कळवलं, असं सर्टिफिकेट आम्ही दिलेलं नाही. त्यानंतर मला ‘प्रोसीजरल फेअरनेस लेटर’ पाठवलं गेलं होतं, म्हणजे तुमच्यावर असा संशय आहे, मुदतीत उत्तर द्या, असं सांगणारं पत्र. ते त्या टिंबवाल्या ईमेलवर गेलं. उत्तर आलं नाही, अशी नोंद. प्रतिनिधी: कोणी नाही. निर्णय: इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली चुकीची माहिती दिल्याबद्दल पाच वर्षं कॅनडात प्रवेशास अपात्र.

अपात्र मी, सरांचं नाव त्या फाइलमध्ये कुठेही नाही.

‘प्रतिनिधी: कोणी नाही’ या शब्दांचा अर्थ मला नंतर कळला. पैसे घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचं काम करणारा माणूस तिथला वकील किंवा क्वेबेक प्रांतातला नोटरी तरी असावा लागतो, नाहीतर कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या नियामक संस्थेचा परवानाधारक. त्या संस्थेच्या वेबसाइटवर परवानाधारकांची यादी कोणालाही शोधता येते. असा प्रतिनिधी नेमला की त्याचं नाव वेगळ्या फॉर्मवर द्यावं लागतं, त्यावर तुमची सही लागते. आमच्या सरांनी तो फॉर्म भरलाच नाही. कागदोपत्री सगळा अर्ज मीच भरला होता. अशा लोकांना तिकडे ‘घोस्ट कन्सल्टंट’ म्हणतात. मी त्यांना परवान्याचं एकदा विचारलं होतं. “आमचे कॅनडात पार्टनर आहेत,” म्हणाले. नंबर मागायचा असतो हे मला माहीत नव्हतं.

कायद्यातले शब्द ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे’ असे आहेत. तुमच्या फाइलवर दुसऱ्यानं खोटा कागद घातला तरी तो तुमचाच. मला माहीत नव्हतं, हे आपोआप बचाव ठरत नाही. कॅनडाबाहेर घेतलेल्या निर्णयाविरुद्ध तिथल्या फेडरल कोर्टात जायला निर्णय कळल्यापासून ६० दिवस असतात. ते अर्ध्या पानाच्या त्या फोटोपासून मोजायचे की पूर्ण कारण कळल्यापासून, यावर वाद घालता येईल, पण त्यासाठी तिथला वकील करावा लागतो आणि आमच्याकडे तेव्हा काही उरलं नव्हतं. विद्यापीठात मी आगाऊ फी भरली होती. व्हिसा नाकारला तर ती परत मिळते, पण खोट्या कागदपत्रांमुळे नाकारला असेल तर मिळत नाही, असं त्यांच्या नियमात होतं. त्यांच्या ईमेलची भाषा सभ्य होती. मी तो पुरा वाचू शकले नाही.

आणि हे एका देशापुरतं राहत नाही. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या फॉर्मवर इतर देशांनी व्हिसा नाकारला होता का हे विचारतात. मला दर वेळी ‘हो’ लिहावं लागेल आणि कारण सांगावं लागेल. लपवलं तर ते पुन्हा खोटं बोलणं होईल, आणि या वेळी ते खरंच माझं असेल.

पोलिसांत तक्रार दिली आहे. तिथल्या अधिकाऱ्यांनी पावती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “यात कुठे लिहिलंय की हे पैसे कॅनडाच्या बँकेत भरायचे होते?” सरांशी झालेलं बोलणं सगळं फोनवरचं किंवा समोरासमोरचं. मेसेजमध्ये ते कायम ‘अमाउंट’ एवढंच लिहायचे. ते मुद्दाम होतं, हे आता कळतं. तुमचं असं काही चालू असेल तर फोन ठेवल्यावर लगेच, ‘आपण आत्ता म्हणालात त्याप्रमाणे जीआयसीसाठी इतके पैसे पाठवतो आहोत’ असा मेसेज पाठवा. प्रामाणिक माणसाला त्यात राग येण्यासारखं काही नाही.

त्या नोट्स वाचल्या त्याच रात्री मला एक मुलगी आठवली. ऑफिसच्या बाकावर आम्ही तीन-चारदा शेजारी बसलो होतो, नंबर घेतले होते. डिप्लोमाला निघाली होती, जानेवारीच्या बॅचला. तिचे जीआयसीचे पैसेही ‘एकदम’ भरले गेले होते. मी फोन केला तेव्हा साडेदहा वाजले होते. ती म्हणाली, माझं सगळं नीट आहे, सर म्हणाले या आठवड्यात येईल. मी विचारलं, ईमेलचा पासवर्ड आहे? नव्हता. पण तिचा ईमेल काढताना ओटीपी तिच्याच मोबाइलवर मागवला होता, हे तिला आठवलं. ‘पासवर्ड विसरलात’वर क्लिक केलं, कोड तिच्या फोनवर आला, इनबॉक्स उघडला. इमिग्रेशनच्या पोर्टलचा पासवर्डही त्याच ईमेलवरून बदलता आला.

आत पत्र होतं. तेच, फेअरनेस लेटर. कोणीतरी आधी उघडून वाचलेलं. उत्तराच्या मुदतीचे चार दिवस उरले होते.

तिच्या आईला उठवलं. पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, सरांचे मेसेज गोळा करायला सांगितले. मी माझ्या नोट्सची प्रत पाठवली. सर्टिफिकेट कोणी दिलं, पैसे कोणाच्या खात्यात गेले, ईमेल कोणाकडे होता, सगळं जसं घडलं तसं तारखेवार लिहायला बसलो. ती पोर्टलवरून वाचत होती, मी टाइप करत होते. स्वतःच्या नावानं भरलेला फॉर्म ती पहिल्यांदाच बघत होती. मध्येच ती थांबली.

“ताई, इथे बाबांचा व्यवसाय कारखानदार लिहिलाय.”

तिचे वडील रिक्षा चालवतात. आम्ही तेही उत्तरात घातलं आणि पुढचं पान उघडलं.