3,452 रुपयांचा फरक मला दिसला होता

जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात मी एकतीस वर्षे इतरांची बिले तपासली. बिलातली आणि पावतीतली रक्कम जुळत नसेल तर फाईल परत पाठवणारा खडूस माणूस, अशीच माझी ओळख होती. त्याच माणसाने जून 2024मध्ये 9,900 रुपये भरून 6,448 रुपयांची कार विमा पॉलिसी हाती घेतली आणि मुकाट्याने कपाटात ठेवून दिली. घरच्यांनाही ही रक्कम मी कालपरवापर्यंत सांगितली नव्हती.

गाडी 2019ची, 1,197 सीसीची पेट्रोल हॅचबॅक. जुन्या कंपनीने नूतनीकरणासाठी 18,250 रुपये मागितले होते आणि त्यात झिरो डेप (बदललेल्या भागांचे घसारा न कापता पूर्ण पैसे) व इंजिन प्रोटेक्ट (पाण्याने बिघडलेल्या इंजिनाची भरपाई) ही दोन्ही ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायची संरक्षणे, होती. आदल्या ऑक्टोबरमध्ये बंपर आणि हेडलाइटसाठी 11,300 रुपयांचा क्लेम घेतल्यामुळे नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्यावर आला होता, म्हणून आकडा फुगला होता. पीयूसी काढायला गेलो असता तिथे टेबल टाकून बसलेला मुलगा म्हणाला, "काका, एवढे कशाला भरता? हेच सगळं, फर्स्ट पार्टी, झिरो डेपसकट, 9,900मध्ये बसवून देतो." निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला वाचणारे आठ हजार मोठे वाटतात, हे मी आजही नाकारणार नाही. पैसे त्याच्याच नंबरवर यूपीआयने गेले. मोबाईलवर ओटीपी आला, तोही मी वाचून दाखवला. विम्याचे पैसे एजंटच्या खात्यावर कधीही पाठवू नका. कंपनीच्या लिंकवर भरता येत नसतील तर तो व्यवहारच करू नका.

त्या संध्याकाळी पॉलिसीची पीडीएफ आली. मी ती उघडली नाही असे म्हणून सुटता आले असते, पण मी ती उघडली होती. एकूण प्रीमियम 6,448 होता. मी लगेच फोन केला. "ॲड-ऑनची पावती वेगळी येते काका, आठ दिवसांत पाठवतो," असे उत्तर आले आणि मी ते मानले. ॲड-ऑन ही त्याच पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये छापलेली असतात, त्यांची वेगळी पावती नसते, हे मला ठाऊक नव्हते. पण न जुळणारी रक्कम म्हणजे काय, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्याच पानावर नो क्लेम बोनस 50 टक्के लिहिलेला होता. तोही मला दिसला. पोराने कुठून तरी सवलत मिळवून दिली असे समजून मी गप्प बसलो, कारण चूक माझ्या फायद्याची होती. हे वाक्य लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

25 जुलै 2024च्या पहाटे खडकवासला धरणातून सोडलेले पाणी पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरी परिसरात शिरले, आणि जवळच उभ्या असलेल्या माझ्या गाडीत ते सीटच्या वरपर्यंत चढले. मी गाडी सुरू करून पाहण्याचा मूर्खपणा केला नाही; बॅटरीची वायर काढून टो करून वर्कशॉपला नेली. एस्टिमेट 2,14,600 रुपयांचे निघाले, पैकी एकट्या इंजिनाचे 1,08,000. नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरने पॉलिसी मोबाईलवर खालीवर सरकवून पाहिली आणि विचारले, "इंजिन प्रोटेक्ट कुठे आहे?" ते नव्हते. झिरो डेपही नव्हते, त्यामुळे प्लास्टिक आणि रबरी भागांचे निम्मेच पैसे मिळणार होते. आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, 4,10,000 ऐवजी 3,20,000 धरली होती. गाडी चोरीला गेली असती तर नव्वद हजार तिथेच बुडाले असते. क्लेममधून स्वतः सोसायच्या सक्तीच्या 1,000 रुपयांच्या वजावटीवर आणखी 15,000ची ऐच्छिक वजावट माझ्या नावे स्वीकारलेली होती. प्रीमियम स्वस्त कसा झाला, ते त्या दोन मिनिटांत उलगडले. माझ्या गाडीच्या गटाचा थर्ड पार्टी हप्ता (गाडीमुळे इतरांच्या होणाऱ्या नुकसानीसाठीचा) सरकारने 2024मध्ये 3,416 रुपये ठरवून दिलेला होता आणि तो कोणतीही कंपनी कमी करू शकत नाही. म्हणून एकूण आकडा निम्म्यावर आणणाऱ्याला पहिला प्रश्न एवढाच विचारा की, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागातून नेमके काय काढले?

उरलेलेही मिळाले नाही. ऑगस्टमध्ये पत्र आले की, प्रस्तावात मागील क्लेम लपवून नो क्लेम बोनस घेतल्यामुळे संपूर्ण क्लेम नामंजूर करण्यात येत आहे. प्रस्ताव मी भरला नव्हता, पण ओटीपी माझा होता. खोटा बोनस म्हणजे पॉलिसीच्या मुळावर घाव, हे मला मान्य आहे. परंतु असा बोनस दिल्यावर आधीच्या कंपनीकडे 21 दिवसांत लेखी खातरजमा मागण्याची जबाबदारी मोटर टॅरिफने, म्हणजे वाहन विम्याच्या नियमावलीने, नव्या कंपनीवर टाकलेली होती, त्याचे काय? प्रीमियम घेताना जूनमध्ये कोणी चौकशी केली नाही. क्लेम आल्यावर मात्र दोन दिवसांत माझा जुना क्लेम सापडला. कंपनीच्या शाखेतील बाईंनी सांगितले की तो मुलगा आमचा एजंट नाही, पॉलिसी ब्रोकरच्या कोडवर निघाली आहे, तिकडे विचारा. ब्रोकरच्या हेल्पलाइनने सांगितले की क्लेम हा कंपनीचा विषय आहे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यांना पाठवलेल्या तीन ईमेलना तेच नामंजुरीचे पत्र तीनदा जोडून उत्तर आले, तिसऱ्या वेळी तर माझ्या गाडीचा नंबरही चुकवला होता. पोलीस चौकीत दोन तास बाकावर बसवल्यानंतर हवालदार म्हणाले, "फसवणूक कितीची? 9,900मधून 6,448 गेले, म्हणजे 3,452. काका, एवढ्यासाठी गुन्हा नोंदवायचा?" दोन लाख चौदा हजार सहाशे त्यांच्या हिशेबात कुठेच बसत नव्हते. ती बाब दिवाणी आहे म्हणे. त्या मुलाचा फोन तेव्हापासून बंद आहे, आणि पीयूसीवाला म्हणतो की तो भाड्याने टेबल लावत होता.

दुरुस्तीसाठी मुदत ठेव मोडली. यंदा जुन्या कंपनीच्या कार्यालयात स्वतः जाऊन, शेड्यूलवर ॲड-ऑनची नावे, आयडीव्ही, बोनस आणि वजावट बोट ठेवून वाचल्यावरच पैसे भरले. पैसे वाचवायचेच असतील तर 2,500ची छोटी ऐच्छिक वजावट विचारात घ्या, चार कंपन्यांचे दर तेवढ्याच आयडीव्हीवर मागवा. पण नदीकाठी किंवा तळघरात गाडी लावत असाल तर इंजिन प्रोटेक्ट काढू नका. बोनस जास्त दिसला तर त्याच दिवशी लेखी कळवून फरक भरा.

विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या मुदतीत अर्ज दिला आहे. तिथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. मात्र आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते, तेव्हा प्रत्येक ईमेल जपून ठेवा. अर्जाला 9,900ची यूपीआय नोंद आणि 6,448ची पॉलिसी शेजारी शेजारी जोडली आहे. दोन्ही आकड्यांखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ मारताना हात थोडा थांबला. ती रेघ जूनमध्येच मारायची होती.