जर्सी, टेक्सस की कॅलिफोर्निया? भाचीला दिलेलं लांबलचक उत्तर

माझ्या भाचीची पुण्याहून अमेरिकेत बदली होते आहे. कंपनीची तिथे तीन ऑफिसं आहेत, न्यू जर्सीत जर्सी सिटी, टेक्ससमध्ये प्लेनो आणि कॅलिफोर्नियात सॅन होजे. कुठलं हवं ते महिनाअखेरपर्यंत कळवा, असा एचआरचा निरोप आहे. घरात नवरा-बायको आणि नऊ वर्षांची लेक. दोन्हीकडचे आईवडील वर्षाआड येऊन राहणार. भाचेजावई कोथरूडला फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवतात. मी सात वर्षं न्यू जर्सीतल्या एडिसनला काढली, गेली सहा वर्षं डॅलसजवळ फ्रिस्कोला आहे आणि मधे आठ महिने प्रोजेक्टवर सॅन होजेजवळ सनीव्हेलला होतो, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. फोनवर मी या विषयावरून त्या विषयावर उड्या मारत बोललो. तेच आता जरा जागेवर बसून लिहितोय.

तिने एक्सेल शीट करून पाठवली होती. पहिलाच रकाना इन्कम टॅक्सचा. टेक्सस शून्य, जर्सी १०.७५ टक्के, कॅलिफोर्निया १३.३ टक्के. टेक्ससची ओळ हिरवी करून ठेवलेली. म्हणजे निर्णय झालाच होता, मामाने फक्त मान डोलवायची होती.

पण ते आकडे सर्वांत वरच्या पायरीचे आहेत, दहा लाख डॉलरच्या पुढच्या कमाईवर लागणारे. दोघांचं मिळून वर्षाला दीड लाख डॉलर उत्पन्न धरून मी हिशेब मांडला. जर्सीचा राज्याचा कर सव्वापाच हजारांच्या आसपास येतो, कॅलिफोर्नियाचाही साधारण तेवढाच. कॅलिफोर्नियात पगारातून डिसॅबिलिटी इन्शुरन्सचा साधारण सव्वा टक्का वेगळा कापतात. टेक्ससला शून्य, हे खरंच. फेडरल टॅक्स तिन्हीकडे सारखा. म्हणजे ज्या आकड्यांनी तिने कॅलिफोर्नियावर फुली मारली होती, त्या आकड्यांशी तिचा संबंधच नाही. वर्षाला पाच-सात हजारांचा फरक आहे आणि तो कमी नाही, पण त्यावर संसार कुठे मांडायचा हे ठरवू नये.

शिवाय टेक्सस सरकार इन्कम टॅक्स घेत नाही म्हणजे शाळा, रस्ते आणि पोलीस फुकटात चालतात असं नाही. ते पैसे घरपट्टीतून निघतात. पाच लाखांचं घर घेतलं तर आमच्याकडे वर्षाला आठ ते दहा हजार प्रॉपर्टी टॅक्स सहज भरावा लागतो. नवीन वसाहतीत पाणी-ड्रेनेजच्या कर्जापोटी म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टचा कर असेल तर आणखी जास्त. जर्सी तर घरपट्टीत देशात पहिलं, तिथलं सरासरी बिलच दहा हजारांच्या वर गेलंय. छोट्याशा राज्यात ५६४ नगरपालिका, प्रत्येकीचं आपलं पोलीस खातं नाही तर आपला कचऱ्याचा ट्रक, मग दुसरं काय होणार. कॅलिफोर्नियात गंमत उलटी आहे. १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे घर ज्या किमतीला घेतलं तिच्या साधारण एक टक्क्यावर कर बसतो आणि करपात्र किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढत नाही. शेजारी चाळीस वर्षं राहणारे आजोबा तुमच्या एक दशांश कर भरत असतात आणि घर तेवढंच. पण सॅन होजेजवळच्या फ्रीमॉन्टला चांगल्या शाळेच्या हद्दीत स्वतंत्र घर म्हणजे पंधरा लाख डॉलरच्या आसपास बोलायचं. एक टक्का कमी वाटतो, तो पंधरा लाखांचा असतो.

आता जे तिच्या शीटमध्ये नव्हतंच, ते. तिचा व्हिसा एल-१ आहे, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीचा. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेला निदान दुसरी कंपनी शोधून व्हिसा तिकडे नेऊ शकतो. एल-१वाल्याला तीही सोय नाही, दुसरीकडे जायचं तर एच-१बीच्या लॉटरीत नशीब काढावं लागतं. नोकरी गेली तर हातात साठ दिवस. उलट नवऱ्याला एल-२ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, कुठेही काम करता येतं, आणि नोव्हेंबर २०२१ पासून त्यासाठी वेगळ्या वर्क परमिटची वाट पाहत बसावं लागत नाही. थोडक्यात, नोकरीच्या बाजारात मोकळा आहे तो नवरा. बायको कुठेही गेली तरी त्याच कंपनीत, त्याच कामावर, बहुधा त्याच पगारात असणार. म्हणून राज्य तिच्यासाठी निवडायचं नाही, भाचेजावईंसाठी निवडायचं.

आणि इथे फिजिओथेरपिस्टचं लायसन्स देश देत नाही, राज्य देतं. पुण्याची पदवी तपासून घ्यायची, ती इथल्या अभ्यासक्रमाच्या तोडीची आहे असा दाखला मिळवायचा, कमी पडेल तिथे जास्तीचे विषय करायचे, मग राष्ट्रीय परीक्षा. एवढं होऊन जे लायसन्स हातात येतं ते त्या एका राज्याचं. नर्सिंग आणि फिजिओथेरपीत राज्याराज्यांचे करार झालेत, एका सभासद राज्याचं लायसन्स असेल तर दुसऱ्यात काम करणं सोपं जातं. टेक्सस आणि जर्सी या करारांत आहेत, कॅलिफोर्निया नाही. भाचेजावईंनी आधी तिन्ही राज्यांच्या लायसन्स बोर्डाच्या साइटवर बसून परदेशी पदवीसाठी काय काय मागतात ते उतरवून काढावं. टॅक्सच्या रकान्याआधी हा रकाना. माझ्या ओळखीतल्या एक डेंटिस्ट बाई नवऱ्याच्या नोकरीपायी दोनदा राज्य बदलून तिसऱ्यात आल्या आहेत. गेली चार वर्षं त्या दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये अपॉइंटमेंट लिहून घेतात. घरात कुणी डॉक्टर, वकील, शिक्षक, आर्किटेक्ट असेल तर हेच लागू.

घर भाड्याने घेताना नवख्याची पहिली कोंडी होते. क्रेडिट हिस्टरी शून्य. भारतात वीस वर्षं वेळेवर हप्ते भरले असतील, इथे त्याला कुणी विचारत नाही. मग घरमालक जास्तीचं डिपॉझिट मागतो. जर्सीत कायद्याने दीड महिन्याच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. कॅलिफोर्नियात जुलै २०२४ पासून बहुतेक घरमालकांना एकच महिना. टेक्ससमध्ये अशी मर्यादाच नाही. फ्रिस्कोला आलेल्या आमच्या एका शेजाऱ्याकडून तीन महिन्यांचं घेतलं होतं, आणि ते बेकायदा नव्हतं. कॅलिफोर्नियात बऱ्याचशा जुन्या इमारतींना वर्षाला किती भाडं वाढवायचं यावर राज्याचा चाप आहे, जर्सीत बहुतेक भाडेकरूंना कारण दिल्याशिवाय घराबाहेर काढता येत नाही. टेक्ससमध्ये करार संपला की मालक म्हणेल ते. दुसरी बाजूही सांगतो. टेक्ससमध्ये घरं भराभर बांधतात, त्यामुळे एकाने अडवलं तर रस्त्यापलीकडे दुसरं मिळतं. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को-सॅन होजेच्या पट्ट्यात, कायदा तुमच्या बाजूने असतो, घर नसतं.

शाळांबद्दल फार लिहीत नाही, कारण आपली मंडळी त्यात मुरलेली असतात. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो, एडिसन, फ्रिस्को, कॉपेल, क्युपर्टिनो, फ्रीमॉन्ट, सगळीकडे वर्गात अर्धी मुलं आपल्यासारखी आणि अभ्यासाची तीच शर्यत. एकच सूचना. टेक्ससमध्ये गावाची हद्द आणि शाळेच्या डिस्ट्रिक्टची हद्द एक नसते. पत्त्यावर फ्रिस्को लिहिलेलं असून मूल प्रॉस्परच्या नाही तर लुइसव्हिलच्या डिस्ट्रिक्टमध्ये जाऊ शकतं. भाडेकरारावर सही करण्याआधी घर नंबर टाकून बघा. आणि दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर (मामाने विचारू नये, पण विचारतो) बाळंतपणानंतर पगाराचा मोठा हिस्सा देणारी राज्याची रजा कॅलिफोर्नियात २००४ पासून आणि जर्सीत २००९ पासून आहे. टेक्ससमध्ये कंपनी देईल तेवढीच.

आता आईवडील. हा मुद्दा सगळ्यांच्या यादीत शेवटी असतो आणि घरात सगळ्यात जास्त रडारड यावरूनच होते. एडिसनला असताना माझी आई सकाळी चप्पल घालून ओक ट्री रोडला जायची. भाजीवाला गुजराती, मिठाईवाला गुजराती, तिचं हिंदी आणि त्यांचं हिंदी, दोन्ही मोडकी, पण तासभर गप्पा. येताना मेथीची जुडी आणि कुणाच्या सुनेची बातमी घेऊन यायची. तीच आई फ्रिस्कोला आली तेव्हा घर दुप्पट मोठं होतं, मागे अंगण होतं, आणि ती खिडकीत बसून समोरच्या गराजचं दार कधी उघडतं ते बघायची. दुकान अडीच मैलांवर, मधे सहा लेनचा रस्ता, जुलैत चाळीस अंश. ज्याला गाडी चालवता येत नाही तो इथे नजरकैदेत असतो. सहा महिन्यांचं तिकीट होतं, चौथ्या महिन्यात परत गेली. प्रवासाचंही तसंच. न्यूअर्कहून भारताला थेट विमान आहे, डॅलसहून बहुतेक जण दुबई किंवा दोहामार्गे येतात. गुडघ्याच्या बाईला व्हीलचेअरवरून दुबई बघायची हौस नसते.

हवेचं काय ते एका वाक्यात सांगायचं तर, जर्सीत बर्फ ढकलायचा, टेक्ससमध्ये ऊन सोसायचं आणि कॅलिफोर्नियात हवेचे पैसे भाड्यात मोजायचे. पण टेक्ससची एक गोष्ट मराठवाड्यातल्या माणसाला लगेच कळेल. डॅलसच्या आजूबाजूची जमीन आपल्या कापसाच्या काळ्या रानासारखी आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात. फरक एवढाच की आपण त्यात कापूस लावतो, इथे त्यावर घरं बांधतात. उन्हाळ्यात मी घराच्या चारी बाजूंनी भिंतीपासून फूटभर अंतरावर झिरपणारा पाइप टाकून जमिनीला पाणी पाजतो. पाया ओला राहिला नाही तर घर एका बाजूला बसतं आणि दारं लागेनाशी होतात. पहिल्या वर्षी मी हे हसण्यावारी नेलं. दुसऱ्या वर्षी बेडरूमच्या दारावर कोपऱ्यातून तिरपी चीर गेली, बोट जाईल एवढी. गारपीट वेगळी. इथल्या बऱ्याच विमा पॉलिसींत गारपिटीसाठी घराच्या विमा-किमतीचा एक-दोन टक्का आधी आपल्या खिशातून जातो. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत राज्याची वीज कोलमडली तेव्हा आम्ही तीन दिवस गॅसवर खिचडी करून, अंगावर दोन-दोन रजया घेऊन काढले. टेक्ससची वीजवाहिनी बाकी देशाशी जवळपास जोडलेलीच नाही, त्यामुळे शेजाऱ्याकडून उसनी घ्यायचीही सोय नव्हती. कॅलिफोर्नियाला वणवे आहेत, आणि २०२३ पासून तिथे मोठ्या विमा कंपन्यांनी घरांचे नवीन विमे देणं थांबवलं किंवा कमी केलं. जर्सीत २०१२ च्या सँडी वादळाच्या आठवणी अजून निघतात. पण एडिसनमध्ये सात वर्षांत माझा सर्वांत मोठा त्रास ड्राइव्हवेवरचा बर्फ होता. पेट्रोल मात्र तिथे स्वतः भरायचं नसतं, १९४९ चा कायदा आहे. थंडीत गाडीत बसून काच खाली करायची, बस्स.

मग कॅलिफोर्निया कुणासाठी? नोकऱ्या बदलत वर चढायचं असेल त्याच्यासाठी. स्पर्धक कंपनीत जाऊ नका असं करारात लिहून घेतलं तरी तिथे ते कोर्टात टिकत नाही, हा नियम १८७२ पासूनचा आहे. सिलिकॉन व्हॅली अशी घडण्यात त्याचा मोठा वाटा मानतात. एच-१बीवर आलेल्या, एकट्या, अठ्ठावीस वर्षांच्या इंजिनियरने डोळे झाकून तिकडे जावं. भाचीला एल-१वर नोकरी बदलताच येत नाही. ज्या गोष्टीसाठी बे एरियाचं भाडं मोजायचं ती तिला वापरता येणार नाही.

मराठीपणाची काळजी कुठेच करू नये. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन २०१९ ला डॅलसला झालं, २०२२ ला अटलांटिक सिटीला, २०२४ ला सॅन होजेला. तिच्या तिन्ही पर्यायांत ढोल-ताशा आहे, रविवारची मराठी शाळा आहे आणि उकडीच्या मोदकांवरून होणारी भांडणंही आहेत.

तर माझं मत जर्सी, निदान पहिली तीन वर्षं, आणि भाड्याने. एडिसन किंवा मेट्रोपार्कहून ट्रेनने न्यूअर्क, तिथून पाथ नावाच्या मेट्रोने जर्सी सिटी. एका गाडीत भागतं, म्हणजे दुसऱ्या गाडीचा हप्ता, विमा आणि पेट्रोल वाचतं. टेक्ससमध्ये टॅक्सचे वाचलेले पाच हजार त्या दुसऱ्या गाडीतच जातात. एक अट मात्र पाळावी. हडसन नदीपलीकडे न्यूयॉर्कच्या ऑफिसात बसायला सांगितलं तर आधी पगाराचं बोलून घ्यायचं, कारण मग त्या पगारावर पहिला हक्क न्यूयॉर्क राज्याचा. आणि हे सगळं लायसन्स बोर्डाच्या उत्तरावर अवलंबून आहे. भाचेजावईंची पदवी टेक्ससमध्ये कमी अडथळ्यांत मान्य होत असेल तर माझं मत बाद, त्यांनी खुशाल प्लेनोला यावं. आमच्यापासून वीस मिनिटांवर आहे, आणि पायाला पाणी घालायचा पाइप माझ्याकडे जास्तीचा आहे.

हे सगळं ऐकल्यावर भाची म्हणाली, "मामा, जर्सी इतकी चांगली होती तर तू टेक्ससला का गेलास?"

कंपनीने ऑफिस हलवलं म्हणून, बाळा. मला कुणी तीन पर्याय दिले नव्हते.