डेस्कटॉप की लॅपटॉप? घरून हिशेब लिहिणाऱ्यांसाठी

मावसबहीण घरून चार-पाच दुकानांचे हिशेब बघते. दिवसभर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडलेलं, शेजारी एक्सेलच्या अगडबंब फायली. जुना संगणक रडायला लागला तेव्हा तिने विचारलं, "दादा, डेस्कटॉप घेऊ की लॅपटॉप?"

आधी वेगाचं. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, पण लाखभर ओळींवर व्हीलुकअप (एका यादीतली माहिती दुसरीतून शोधून आणणारं सूत्र) लावला की साधं यंत्र धापा टाकतं. १६ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) आणि एसएसडी (फायली साठवणारी वेगवान डिस्क) दोन्हीकडे हवीच. एक्सेल ज्यात येतं ते मायक्रोसॉफ्ट ऑफिसही ६४-बिटचं घ्या. ३२-बिटचं एवढी रॅम वापरूच शकत नाही. त्याच पैशांत डेस्कटॉपचा प्रोसेसर सरस मिळतो आणि तासन्‌तास काम करूनही सहसा तापून मंदावत नाही. ग्राफिक्स कार्डावर मात्र पैसे घालवू नका, टॅलीला त्याचं देणंघेणं नाही.

दुरुस्तीत डेस्कटॉपच उजवा. रॅम वाढवायची? झाकण उघडा, पट्टी बसवा. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली असते.

विजेच्या बाबतीत लॅपटॉप जिंकतो. जीएसटीचं रिटर्न भरायच्या २० तारखेला ऐन वेळी लाइट गेली तरी बॅटरी तारून नेते. डेस्कटॉपला यूपीएस लागतोच, आणि साधा यूपीएस फाइल सेव्ह करण्यापुरताच टिकतो.

एकाच टेबलावर काम असेल तर डेस्कटॉप. गिऱ्हाइकाच्या दुकानात जाऊन बसावं लागत असेल तर लॅपटॉप, आणि घरी वेगळा मॉनिटर. बहिणीला मी डेस्कटॉप सांगितला. ती कुठे जात नाही. दुकानदारच पिशव्या भरून बिलं आणून टाकतात.