उंचीची सल आणि राजारामपुरीतला सल्ला

पाच फूट तीन इंच उंचीमुळे दोन स्थळांकडून नकार आल्यावर पाय लांबवण्याच्या शस्त्रक्रियेची चौकशी करण्यासाठी मी कोल्हापुरात राजारामपुरीतील एका अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. सोव्हिएत शल्यचिकित्सक इलिझारोव्ह यांच्या पद्धतीत हाड कापून रोज साधारण १ मिलिमीटर ताणतात, म्हणजे ५ सेंटिमीटरसाठी सुमारे ५० दिवस आणि पुढे हाड घट्ट होण्यासाठी कित्येक महिने, हे डॉक्टरांनी कागदावर रेघा ओढून समजावले; सांधे आखडणे, नसांना इजा, जंतुसंसर्ग हे धोकेही लपवले नाहीत. दीड तास ताटकळावे लागले, ते खटकलेच.

मात्र त्यांनी आधी समुपदेशकांकडे पाठवले, हे मला विशेष वाटले. कोल्हापूरकर असून चपला सोडून मी जाड टाचेचे बूट कधीपासून घालतो, असे समुपदेशकांनी विचारले, तेव्हा उत्तर देताना माझा आवाज कापला. पुढची भेट त्यांच्याकडेच ठरवली आहे.