सलग की सुटे? अवकाश-काळाविषयी बाजू ठरवणाऱ्यांसाठी

माझी भाची बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.ला असून प्रकल्पासाठी तिला विषय ठरवायचा आहे. अवकाश आणि काळ सूक्ष्म, सुट्या घटकांचे बनले आहेत असे मानणाऱ्या संशोधनाकडे वळावे, की ते सलग धरूनच चालणाऱ्या भौतिकशास्त्रात राहावे, हा तिचा पेच आहे. पुढील तुलना मुळात तिच्यासाठी केली आहे.

सुट्या घटकांच्या बाजूने सर्वांत आधी पुढे केला जातो तो प्लँक लांबीचा आकडा : सुमारे १.६ गुणिले १०चा उणे ३५वा घात, इतके मीटर. त्याहून लहान अंतर पाहायचे तर इतकी ऊर्जा एका जागी आणावी लागेल की तिथे कृष्णविवरच तयार होईल, असा हा युक्तिवाद आहे. तो योग्य असला तरी त्यातून मोजण्याची मर्यादा निघते. त्या मर्यादेपलीकडे काही नाहीच, हे निघत नाही. ‘क्वांटम म्हणजे सगळे तुकड्यातुकड्यांत’ हा समजही सोडलेला बरा, कारण हायड्रोजनमधील बद्ध इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेला पायऱ्या असतात, पण मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेला नसतात, आणि दोन्ही गणिते सलग अवकाशातच मांडलेली असतात.

सुटेपणाचे सर्वांत भोळे रूप म्हणजे चौकटींची जाळी. दांडिया बाजारातल्या आमच्या घराचे माजघर चौरस आहे. एकेक फुटाच्या बारा फरश्या एका बाजूला, बारा दुसऱ्या बाजूला. या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरला तर अंतर सतरा फुटांना अर्धे बोट कमी भरते, पण तिरक्या रांगेतल्या फरश्या मोजल्या तर त्या बाराच होतात. फरशी कितीही बारीक केली तरी मोजणीत कर्ण आणि बाजू सारखेच येतात, म्हणजे फरश्या मोजून पायथागोरसचा सिद्धांत कधीच हाती लागत नाही. गणितज्ञ हेर्मान वाइल यांनी १९४९ साली हा आक्षेप मांडला होता. शिवाय सापेक्षतेनुसार वेगाने जाणाऱ्या निरीक्षकाला तीच फरशी आखूड दिसते, मग सर्वांत लहान लांबी कोणाच्या मापाने म्हणायची? त्यामुळे जाळीचा पर्याय मी सरळ बाद धरतो.

उरतात त्या दोन वाटा विचार करण्याजोग्या आहेत. पहिली, लूप क्वांटम ग्रॅव्हिटी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाला क्वांटम नियमांत बसवू पाहणारी एक मांडणी. आपल्या शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकरांनी १९८६ साली व्यापक सापेक्षतेची समीकरणे ज्या नव्या चलांत (बदलत्या राशींत) मांडली, त्यांवर ती उभी आहे. १९९५ साली रोव्हेली आणि स्मोलिन यांनी त्या चौकटीत क्षेत्रफळ आणि आकारमान यांची मूल्ये पायऱ्यांनीच येतात, असे दाखवले. इथे अवकाशाला फरश्या बसवलेल्या नाहीत. मोजणीचे उत्तर तेवढे ठरावीक मूल्यांतून येते, जसे अणूतील इलेक्ट्रॉनच्या कोनीय संवेगाचे (फिरण्याच्या मापाचे) येते, आणि त्यामुळे दिशांची समानता मोडत नाही. पायरीची नेमकी उंची मात्र एका अशा स्थिरांकावर अवलंबून आहे, जो सिद्धांत स्वतः ठरवत नाही. ही उणीव मला खटकते.

दुसरी वाट कार्यकारण संचांची. बाँबेली, ली, मेयर आणि सॉर्किन यांनी ती १९८७ साली सुचवली. इथे सुट्या घटना असतात आणि कोणती कोणाच्या आधी, एवढाच त्यांच्यातला संबंध. अवकाश-काळाचे आकारमान म्हणजे त्या घटनांची संख्या. घटना रांगेत न मांडता यदृच्छेने विखुरलेल्या असतात. पहिल्या पावसाचे थेंब गच्चीवर पडतात तेव्हा त्यांत आडवी-उभी ओळ सापडत नाही. तशाच या विखुरण्यात कोणत्याही निरीक्षकाला खास दिशा वा खास वेग सापडत नाही. फरश्यांना जे जमले नाही ते इथे जमते. या मोजणीतल्या स्वाभाविक चढउतारावरून सॉर्किन यांनी वैश्विक स्थिरांकाचा (विश्वाच्या प्रसरणाला वेग देणाऱ्या राशीचा) अंदाजे आकार सांगितला होता, आणि १९९८च्या महानवताऱ्यांच्या (सुपरनोव्हांच्या) निरीक्षणांतून आलेले मूल्य त्याच्या आसपासचे निघाले. पण या संचांचे पूर्ण क्वांटम गतिशास्त्र, म्हणजे ते कसे वाढतात-बदलतात याचे नियम, अजून तयार नाही, आणि मनाला येतील ते संच घेतले तर त्यांतील बहुतेक आपल्या अवकाशासारखे दिसतही नाहीत.

सलग पक्षाची बाजू थोडक्यात सांगता येते : १९१५ची व्यापक सापेक्षता आणि कणभौतिकी दोन्ही त्यावर चालतात, आणि आजवरच्या एकाही प्रयोगाला सुटेपणाची गरज पडलेली नाही. कृष्णविवराच्या गाभ्यात आणि महास्फोटाच्या क्षणी मात्र हे गणित अनंतात जाते.

निरीक्षणांचे म्हणाल तर, १० मे २००९ रोजी फर्मी अवकाश दुर्बिणीने टिपलेल्या, दूरच्या गॅमा किरणांच्या स्फोटातील ३१ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा एक फोटॉन (प्रकाशकण) सात अब्ज वर्षांहून अधिक काळ प्रवास करूनही, स्फोट टिपला गेल्यापासून सेकंदाच्या आत पोहोचला. अवकाशाच्या खडबडीतपणामुळे प्रकाशाचा वेग ऊर्जेच्या प्रमाणात बदलतो, असे म्हणणाऱ्या सोप्या प्रतिकृतींना त्याने जोरदार धक्का दिला. वरच्या दोन वाटा त्याने बंद होत नाहीत, कारण तसा बदल त्या दोहोंचे अपरिहार्य भाकीत नाही.

भाचीने ‘कणादांनी हे आधीच सांगितले’ असे एक वाक्य टिपणात घातले होते. ते मी काढायला लावले. कणादांच्या परंपरेतील वैशेषिक दर्शनाने परमाणू मानले ते पृथ्वी, आप, तेज आणि वायू यांचे. आकाश, काल आणि दिक् त्यांच्या मते विभू, म्हणजे सर्वव्यापी आणि अखंड. अवकाशाचा ‘प्रदेश’ आणि काळाचा ‘समय’ ही अविभाज्य एकके जैनांनी मानली, त्यामुळे उल्लेख करायचाच तर त्यांचा करावा.

वर्षभराच्या प्रकल्पाला मी कार्यकारण संच सुचवतो. अष्टेकरांची चले नीट समजायलाच भूमितीची मोठी तयारी लागते. संचांत मात्र संगणकावर काही हजार बिंदू विखरून, त्यांच्या क्रमावरून अंतर आणि मिती परत काढता येतात का, हे पहिल्या सत्रातच तपासता येते. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत या विषयावर काम चालते, त्यामुळे पुढे अडले तर विचारायला देशातच माणसे आहेत. निष्कर्ष सलग पक्षाकडे झुकला, तरी तो तसाच लिहावा.