गोळी की तांबी?

चार वर्षं मी गर्भनिरोधक गोळी घेतली, आणि तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवायची कॉपर-टी, बसवून आता सहावं वर्ष चालू आहे. परवा एकोणीस वर्षांच्या भाचीने विचारलं, "मावशी, तू गोळी का सोडलीस?" तिला सांगितलं तेच इथे लिहितेय.

आधी गोळीचे उपकार मानते. शाळेत असल्यापासून पाळीच्या पहिल्या दिवशी मी गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायची. गोळी सुरू केली आणि तिसऱ्या महिन्यापासून ते दुखणं जवळजवळ गेलं, अंगावरून जाणंही बरंच कमी झालं. ज्यांची पाळी अशी त्रासाची आहे त्यांनी गोळीचा विचार जरूर करावा.

पण गोळी रोज लक्षात ठेवावी लागते. रात्री साडेनऊचा गजर लावायचे. तो वाजायचा तेव्हा मी कधी प्रवासात असायची, कधी चारचौघांत, आणि गोळ्यांचं पाकीट दुसऱ्याच पिशवीत. एक गोळी चुकली तर आठवताक्षणी घ्यायची आणि पुढची नेहमीच्या वेळी, एवढं सोपं आहे. लागोपाठ दोन चुकल्या, की पुढचे 7 दिवस कंडोमही वापरावा लागतो. एकदा पोट बिघडलं आणि गोळी घेतल्यावर तासाभरातच उलटी झाली. रात्री दोन वाजता बाथरूमच्या दिव्याखाली तो घड्या घातलेला पातळ कागद उलगडून मी बारीक अक्षरं वाचत बसले. पुन्हा गोळी घेतली, तरी पुढची पाळी येईपर्यंत मनात रोज दिवस मोजत होते. त्या दोन आठवड्यांनी माझा निर्णय केला.

नंतर कळलं की हे फक्त माझंच नाही. एकही न चुकवता घेतली तर गोळी फार भरवशाची आहे. पण बायका प्रत्यक्षात जशी घेतात तशी धरली तर वर्षभरात 100 पैकी साधारण 7 जणींना गर्भ राहतो. तांबीत हे प्रमाण 100 पैकी एकीपेक्षाही कमी, कारण तिथे विसरण्यासारखं काही उरतच नाही. तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात, आणि 380 ए प्रकारची तांबी 10 वर्षं चालते. हवी तेव्हा काढता येते; त्यानंतर दिवस राहायला अडचण येत नाही.

तांबीचा त्रासही लपवत नाही. बसवताना एक जोराची कळ आली, डोळ्यांत पाणी आलं. पहिले चार महिने पाळी जड गेली, पोटात कळा यायच्या, मग हळूहळू निवळलं. माझं निवळलं म्हणून सगळ्यांचं निवळेलच असं मी म्हणणार नाही. मुळातच रक्तस्राव जास्त किंवा हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांना तांब्याऐवजी हार्मोन सोडणाऱ्या तांबीबद्दल विचारा, तिने पाळी हलकी होते. उलट अर्धशिशीआधी डोळ्यांसमोर चमकणाऱ्या रेषा येत असतील, किंवा पस्तिशीनंतरही सिगारेट चालू असेल, तर नेहमीची, दोन हार्मोन एकत्र असलेली गोळी नको. क्षयावरचं रिफाम्पिसिन हे औषध चालू असेल तर गोळीचा भरवसा राहत नाही.

तांबी फक्त मूल झालेल्या बाईसाठी, ही समजूत मात्र सोडून द्या. मूल न झालेल्या आणि विशीच्या आतल्या मुलींनाही ती बसवता येते. कपाटात पाकीट लपवून ठेवणाऱ्या मुलीच्या जिवाला रोज केवढा घोर असतो, हे मी जवळून पाहिलंय. लैंगिक संबंधातून होणाऱ्या संसर्गापासून मात्र दोन्ही वाचवत नाहीत, तिथे कंडोमच हवा.

भाचीचं अजून ठरलेलं नाही. माझा कौल तिला माहीत आहे, पण शरीर तिचं आहे. एवढंच सांगितलं, की तांबी बसवायची ठरवलीस तर दुखू नये म्हणून काय देणार, हे डॉक्टरांना आधीच विचार. मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, की असं विचारता येतं.