जॅमसाठी थर्मामीटर: तुतीपासून जांभळापर्यंत सात महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीत ५४९ रुपयांना दांडीवाला डिजिटल थर्मामीटर घेतला, तो फक्त जॅमसाठी. ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीमागे तुतीचं झाड आहे. गेल्या वर्षी लेकीला सोबत घेऊन त्यावरची किलोभर तुती काढली आणि जॅम केला. तो सरबतासारखा पातळ राहिला आणि तीन आठवड्यांत बरणीत पांढरी बुरशी धरली. एवढ्या मेहनतीचा माल टाकून देताना फार जिवावर आलं.

या वर्षीही प्रमाण तेच: १ किलो तुती, ७५० ग्रॅम साखर, दोन लिंबांचा रस. लिंबू अजिबात वगळू नका. तुतीत आंबटपणाही कमी आणि पेक्टिनही (फळातला जॅम घट्ट करणारा घटक) कमी, त्यामुळे लिंबाशिवाय जॅम धरत नाही. थर्मामीटरचा आकडा १०० पर्यंत भराभर चढला आणि मग १०१-१०२ वर जो अडला तो पंधरा-वीस मिनिटं हलेना. गेल्या वर्षी मी इथेच फसले होते. रस दाटसर दिसला म्हणून गॅस बंद केला होता, पण पाणी अजून उडायचंच होतं. या वेळी थांबले. हळूहळू फेस बसला, बुडबुडे मोठे आणि जड झाले, खदखदण्याचा आवाजही बदलला. शेवटचे दोन-तीन अंश मात्र झरझर चढतात, तेव्हा ओट्यापासून हलू नका. १०५ ला गॅस बंद केला. या टप्प्यावर जॅममध्ये साधारण ६५ टक्के साखर होते आणि बुरशीला वाढायला मोकळं पाणी फारसं उरत नाही. दहा मिनिटं उकळलेल्या काचेच्या बरण्यांत गरमच भरला. तीन बरण्या झाल्या. शेवटची ऐन पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये उघडली, अगदी चांगली निघाली. उघडल्यावर मात्र फ्रिजमध्येच ठेवतो.

हा १०५ चा आकडा ठाण्यासारख्या समुद्रसपाटीजवळच्या गावाचा. माझी नणंद पाचगणीला असते. तिथे साधारण १३०० मीटर उंचीवर पाणीच ९५-९६ ला उकळतं. तिने स्ट्रॉबेरी १०५ पर्यंत नेली आणि पार चिक्की झाली. तुमच्याकडे पाणी ज्या अंशाला उकळतं त्यात साडेचार-पाच मिळवा, म्हणजे झालं.

मे महिन्यात करवंदं केली. येऊरच्या पाड्यांवरच्या बायका पानांच्या द्रोणात विकायला आणतात, त्यांच्याकडून घेतली, त्यात थोडी लाल, अर्धकच्ची मुद्दाम मागून घेतली, कारण पेक्टिन त्यांत जास्त. चिकासाठी आधी हाताला तेल लावा. शिजवून चाळणीवर घासली की बिया वर राहतात. गराइतकीच साखर घातली. आकडा १०३ वर असताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, झालंय ते. चमचा तिरका धरून बघ, थेंब सुटा पडत नाहीये, कडेला लोंबतोय." मी १०५ ची वाट बघितली आणि दुसऱ्या दिवशी जॅम सुरीने कापावा लागला. चाळीस वर्षं मुरांबा, साखरआंबा करणाऱ्या बाईचं ऐकायला हवं होतं. दुसरा घाणा १०३ वर उतरवला, तो सगळ्यात सुंदर झाला. रंग तर काय सांगू, उजेडात बरणी धरली की माणकासारखी दिसते. तेव्हापासून तुतीला आकडा आणि करवंदाला सासूबाईंचा चमचा, असं ठरलंय.

जांभळाचा जॅम एकदाच केला. तुरटपणा साखरेनेही गेला नाही, घरी कुणाला आवडला नाही.

आता थर्मामीटरच्या तक्रारी. आकडा स्थिर व्हायला आठ-दहा सेकंद घेतो आणि तेवढा वेळ हातावर जॅम उडतो, म्हणून लांब बाह्यांचा ड्रेस घालते. दांडीचं टोक पातेल्याच्या बुडाला टेकलं तर आकडा चुकीचा येतो. आणि जुलैत धुताना वरच्या भागात पाणी शिरून पडदाच कोरा झाला. "पाण्यात धुऊ नये" हे खोक्यावर बारीक अक्षरात होतं, त्यामुळे विकणाऱ्याने बदलून दिला नाही. याचा मला खरंच राग आला. स्वयंपाकघरातली वस्तू धुवावी लागणारच ना!

दुसरा घेतला तो पाण्यात बुडवला तरी चालणारा, दीडपट किमतीचा. आल्या दिवशीच उकळत्या पाण्यात धरून तपासला. बरोबर १०० दाखवले.